बोर्डिंग : एका शब्दाची कोल्हापुरी कुळकथा

बोर्डिंग हा शब्द इंग्रजी खरा, पण कोल्हापुरात त्याला परका म्हणून कोणी ओळखत नाही. ‘पोरगं कुठं असतंय?’ ‘बोर्डिंगात.’ एवढ्यावर प्रश्न मिटतो. इंग्रजीत जी एक क्रिया आहे तिचे आपण घर केले, त्याला नपुंसकलिंग दिले, अनेकवचनात बोर्डिंगे केली आणि मागचे ‘हाऊस’ गाळून टाकले.

मूळ शब्द ‘बोर्ड’, म्हणजे लाकडाची फळी. जुन्या इंग्रजांच्या घरी लाकडी टेकूंवर फळी टाकली की जेवणाचे मेज तयार होई. त्यामुळे फळीचा अर्थ मेज झाला, मेजाचा अर्थ त्यावरचे अन्न झाला. मेजाभोवती बसून कारभार पाहणारी मंडळीही ‘बोर्ड’च ठरली. आपले लोकल बोर्ड, स्कूल बोर्ड त्या वाटेने आले. दुकानावरची पाटी मात्र सरळ फळीपासूनच आली. तात्पर्य, ‘बोर्डिंग’ म्हणजे जेवणाची सोय. मुक्कामाला ‘लॉजिंग’ हा वेगळा शब्द आहे, आणि आपल्या हॉटेलांच्या पाट्यांवर दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेले असतात. मराठीत या बोर्डाचा जवळचा नातलग शोधायचा तर तो पाट. फरक इतकाच की साहेब फळीवर ताट ठेवी आणि आपण पाटावर स्वतः बसतो.

हा पाटच कोल्हापुरात खरा अडचणीचा होता. खेड्यातल्या कुणब्याचा मुलगा शिकायला शहरात आला, तर निजायला एखादी ओसरी मिळे. पण जेवायचे कोणाच्या पंक्तीला? ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून किंवा मधुकरी मागून दिवस काढता येत. ते दिवस सुखाचे नव्हते, पण तेवढी तरी वाट होती. इतरांना तीही नव्हती.

शाहू महाराजांच्या हाती 1894 साली राज्यकारभार आला. 1896 मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह निघाले, परंतु प्रत्यक्षात तेथे ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. दार उघडे असूनही पंगत उघडी नव्हती. तेव्हा महाराजांनी दुसरा मार्ग धरला. 18 एप्रिल 1901 रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 साली मुस्लिम बोर्डिंग, 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मग लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, अशी ही रांग वाढतच गेली. 1920 साली प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग निघाले. त्या नावातल्या ‘फ्री’ या शब्दाला किती बापांनी मनातल्या मनात हात जोडले असतील!

जातवार बोर्डिंगे काढून जातच पक्की होते, हा आक्षेप पोकळ नाही. पण ज्या समाजात पाण्याच्या तांब्यावरून भांडण होई, तेथे एकत्र पंगतीची वाट पाहत बसले असते तर एक पिढी निरक्षर राहिली असती. महाराजांनी आधी पोरांना जेवू घातले. माझ्या मते ते योग्यच केले. मात्र त्याची किंमत होती आणि ती याच गावात दिसून आली.

कुंभोजचे भाऊराव पाटील तेव्हा जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर, आंघोळ केल्याशिवाय जेवणघरात पाऊल टाकायचे नाही, असे त्यांना बजावण्यात आले. भाऊरावांनी ते मानले नाही आणि बोर्डिंग सुटले. बोर्डिंगातून जे बोर्डिंग जन्मले त्याच्याच उंबरठ्यावर जाऊन आल्याची ही शिक्षा! लक्षात घ्या, भांडण खोलीवरून नव्हते, जेवणावरूनच होते.

पुढे 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून भाऊरावांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढले, तेव्हा त्यांनी नेमकी हीच गाठ सोडवायला घेतली. तेथे सर्व जातींची मुले एका चुलीवरचे जेवू लागली. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. 1927 साली गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगाचे नामकरण झाले : छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. कोल्हापुरात पंगतीतून बाहेर पडलेल्या मुलाने आपल्या एका पंगतीला कोल्हापूरच्याच राजाचे नाव दिले.

आज दसरा चौकात रिक्षावाल्याला ‘जैन बोर्डिंग’ किंवा ‘मुस्लिम बोर्डिंग’ सांगितले की तो पुढे काही विचारत नाही. नवी मुले मात्र ‘हॉस्टेल’ म्हणतात. पुष्कळ जण भाड्याच्या खोलीत राहतात आणि जेवायला ‘मेस’ला जातात, म्हणजे घर आणि ताट पुन्हा वेगळे झाले. हा ‘मेस’ शब्दही मुळात ताटात वाढलेल्या पदार्थाचाच आहे.