कबुतर, किटली आणि दफ्तर

ज्यांची हयात सरकारी कचेरीत गेली आहे त्यांना हे सांगावयास नको की, वरिष्ठाच्या एखाद्या अचाट हुकुमाची खरी थट्टा त्याला विरोध करून साधत नाही. तो हुकूम अक्षरशः पाळून, बारनिशीत त्याची रीतसर नोंद करून, खाली 'हुकुमाप्रमाणे तामील केली' असा निर्विकार शेरा मारून ती साधते, आणि पुढे तो कागद चाळणाऱ्याला त्यातले हसू दिसले तर दिसते, नाही तर नाही. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा जो प्रोग्रॅमरांचा वर्ग गेल्या पाऊणशे वर्षांत जगभर उदयास आला, आणि ज्यात आज हिंजवडीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आपली मराठी मुलेही हजारोंनी आहेत, त्याच्या विनोदाची जात नेमकी हीच आहे. धंद्यात नित्य उठणाऱ्या वार्तांना, नव्या भाषांच्या डांगोऱ्यांना आणि नव्या यंत्रांच्या जाहीरनाम्यांना या मंडळींनी जी उत्तरे दिली ती बहुधा मसुद्याच्या किंवा नियमावलीच्या रूपात दिली; आणि त्यांतली उत्कृष्ट उत्तरे ओळखण्याची माझी कसोटी अशी की, ती अमलात आणता आली पाहिजेत.

या परंपरेचा आरंभ मी १९६८ च्या मार्च महिन्यापासून धरतो. एडस्खर डाइक्स्ट्रा या डच पंडिताने अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मासिकाकडे एक टिपण धाडले, आणि संपादक निक्लाउस विर्ट याने ते पत्रव्यवहाराच्या सदरात घालून वर स्वतःचा मथळा चढविला: 'गो टू हे विधान अपायकारक मानावे'. 'गो टू' म्हणजे आज्ञावलीच्या एका ओळीवरून भलत्याच ओळीवर उडी मारण्याची आज्ञा. तिच्यामुळे आज्ञावली चालता चालता कोठवर आली हे उमगणे दुरापास्त होते, सबब ती वर्ज्य करावी, असा डाइक्स्ट्राचा पक्ष. या पत्राने धंद्यात दोन तट पडले आणि वाद वर्षानुवर्षे धुमसत राहिला. १९७३ च्या डिसेंबरात 'डेटामेशन' मासिकात आर. लॉरेन्स क्लार्क या लेखकाने अत्यंत शांत चित्ताने तोडगा सुचविला की, 'तिकडे जा' ही आज्ञा जर इतकी घातक असेल तर तिच्या जागी 'तिकडून ये' ही आज्ञा ठेवावी. म्हणजे असे की, शंभराव्या ओळीवर 'चाळिसाव्या ओळीवरून ये' असे लिहिले असता, चाळिसाव्या ओळीपाशी आलेला बिचारा वाटसरू, तेथे पाटी नाही, फाटा नाही, असे असताना एकाएकी शंभराव्या ओळीवर जाऊन पडतो. डाइक्स्ट्राच्या मुद्द्याचे इतके निर्दोष खंडन, आणि त्याच क्षणी इतके निर्दोष समर्थन, दुसऱ्या कोणास साधलेले नाही.

हा तोडगा कागदावर राहिला नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात १९७२ साली डॉन वुड्स आणि जेम्स लायन या दोघा विद्यार्थ्यांनी 'इंटरकॅल' नावाची एक प्रोग्रॅमिंगची भाषा, त्या काळच्या सर्व भाषांची विटंबना म्हणून, रचली होती. तिच्यात आज्ञांच्या आधी 'कृपा करून' हा शब्द योग्य प्रमाणात घालावा लागतो, कमी घातला तर लिहिणारा उद्धट ठरून आज्ञावली नामंजूर होते, आणि जास्त घातला तर तो लाळघोटा ठरून तरीही नामंजूरच होते. मामलेदार कचेरीत अर्जाचा मायना लिहिणाऱ्या आपल्याकडील जुन्या अर्जनविसांना हा नियम फोड करून सांगावा लागला नसता. १९९० साली एरिक रेमंड याने या भाषेचे पुनरुज्जीवन केले तेव्हा 'तिकडून ये' ही आज्ञा तिच्यात सामील झाली, आणि सतरा वर्षांपूर्वीची थट्टा यंत्रावर खरोखरी चालू लागली.

पण या विनोदाला हक्काचे दफ्तर मिळाले ते निराळ्याच ठिकाणी. आजच्या इंटरनेटचा पूर्वज जो आर्पानेट, त्याची जुळवाजुळव करणाऱ्या तरुणांपैकी स्टीव्ह क्रॉकर याने ७ एप्रिल १९६९ रोजी पहिले टिपण काढले, आणि आपण वडीलधाऱ्यांना हुकूम सोडतो आहोत असे दिसू नये म्हणून त्यास 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे अभिप्रायार्थ विनंती, असे नम्र नाव दिले. पुढे इंटरनेटचे बहुतेक सारे कायदेकानू या अनुक्रमांकित विनंत्यांतूनच प्रसृत झाले. नाव विनंतीचे, वजन सनदेचे. १ एप्रिल १९७८ रोजी मार्क क्रिस्पिन याने ७४८ क्रमांकाच्या विनंतीत असे मांडले की, संगणक मधूनच कोसळतात आणि माहिती गहाळ करतात हे सर्वमान्य असल्यामुळे, ही सोय ग्राहकाला मागणीनुसार चालू-बंद करता यावी. शिमग्याच्या दिवसांत गावाच्या पाटलाला तोंडावर बोलण्याची मुभा असावी तशी मुभा या धंद्याने स्वतःस एप्रिलच्या पहिल्या तारखेस दिली. पुढे १९८९ पासून तर अशा कागदांचा जवळजवळ वार्षिक प्रघातच पडला. फरक इतकाच की, शिमग्याची सोंगे रात्र सरताच उतरतात आणि हे कागद मात्र खऱ्या कायद्यांच्या रांगेत, त्याच क्रमांकांच्या माळेत, कायमचे दाखल होतात.

या सर्वांत श्रेष्ठ कागद, माझ्या मते, डेव्हिड वेट्झमन याने १ एप्रिल १९९० रोजी काढलेला ११४९ क्रमांकाचा. इंटरनेटची पाकिटे, म्हणजे माहितीचे सुटे तुकडे, वाटेल त्या वाहनावरून नेता येतात, ही त्या काळची मोठ्या अभिमानाने मिरवली जाणारी गोष्ट. वेट्झमनने तिला शब्दशः धरले आणि वाहन म्हणून कबुतर नेमले. पाकिटातला मजकूर कागदाच्या चिमुकल्या गुंडाळीवर छापावा, ती पक्ष्याच्या पायास बांधावी, पोचल्यावर सोडवून वाचावी. एका खेपेस नेता येणारे कमाल ओझे, जे खऱ्या नियमावलीत बाइटांत मोजतात, ते येथे मिलिग्रॅममध्ये दिले आहे, आणि ते वाहकाच्या वयाबरोबर वाढत जाते, हेही गंभीरपणे नमूद केले आहे. नऊ वर्षांनी याच गृहस्थाने सेवेच्या दर्जांची पुरवणी काढली.

आणि मग नॉर्वेमधील बर्गन शहराच्या लिनक्सप्रेमी मंडळाने, २८ एप्रिल २००१ रोजी, हा हुकूम खरोखरी बजावला. एका यंत्राने दुसऱ्यास 'आहेस काय?' असे विचारायचे आणि दुसऱ्याने 'आहे' म्हणायचे, एवढाच हा संवाद. असे नऊ प्रश्न कबुतरांकरवी रवाना झाले, पैकी चारांची उत्तरे परत आली. पाकिटे गहाळ होण्याचे प्रमाण पंचावन्न टक्के, उत्तरास लागलेला कमीत कमी वेळ सुमारे त्रेपन्न मिनिटे, जास्तीत जास्त पावणेदोन तासांच्या आसपास. हा हिशेब यंत्राने आपल्या नेहमीच्या तक्त्यात, नेहमीच्या भाषेत, जराही न डगमगता छापून दिला; आणि मला वाटते, त्या दिवशीचा सर्वोत्तम विनोदकार ते यंत्रच होते.

आपल्याकडे मात्र या कागदाला हसताना थोडे थबकावे लागते. कारण वेट्झमन हे लिहीत होता तेव्हा ओरिसाच्या पोलीस खात्यातील कबुतरे खरोखरीची सरकारी चाकरी बजावत होती. १९४६ साली लष्कराकडून मिळालेल्या दोनशे पक्ष्यांनिशी ही डाक सुरू झाली, आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात, जेव्हा तारा तुटल्या आणि बिनतारी यंत्रे मुकी झाली, तेव्हा निरोप नेण्यास ती उपयोगी पडली. उलट २००९ साली दक्षिण आफ्रिकेत एका व्यावसायिक कार्यालयाने, आपल्याकडील इंटरनेटच्या मंदगतीला कंटाळून, चार गिगाबाइटचे स्मृतिकार्ड 'विन्स्टन' नामक कबुतराच्या पायास बांधून सुमारे ऐंशी किलोमीटरवर धाडले. पक्षी पोचून माहिती उतरवून घेईपर्यंत दोन तासांहून थोडा अधिक वेळ गेला. तेवढ्या अवधीत तारेवरून तिच्यातील अवघे चार टक्के पोचले होते. त्या कार्यालयाने निषेधाचा खलिता लिहिला असता तर तो कोणी वाचला नसता. कबुतराची बातमी जगभर छापली गेली.

२००३ साली स्टीव्हन बेलोव्हिन याने सुचविलेला 'दुष्ट बिट' मी ओझरताच सांगतो: दुष्ट हेतूने धाडलेल्या पाकिटावर धाडणाऱ्यानेच प्रामाणिकपणे खूण करावी, म्हणजे पहारेकऱ्यांचे काम सोपे होईल. फ्रीबीएसडी या संगणकप्रणालीत ती खूण हा कागद निघाला त्याच दिवशी दाखल झाली आणि दुसऱ्या दिवशी काढली गेली.

थट्टा अमलात येण्याचा हा गुण सदैव निरुपद्रवी राहिला असे म्हणवत नाही. २०१३ साली नवनव्या आभासी चलनांच्या बातम्यांचे पेव फुटले असता बिली मार्कस आणि जॅक्सन पामर या दोघांनी त्यांची टर उडविण्यासाठी कुत्र्याच्या मुद्रेचे 'डोजकॉइन' हे नाणे काढले. ते खरोखर चालत होते, आणि तेवढेच पुरले. मे २०२१ मध्ये बाजाराने त्याचे एकूण मोल ऐंशी अब्ज डॉलरांहून अधिक ठरविले. मार्कसने आपली नाणी कित्येक वर्षे आधीच विकली होती, आणि त्यांचे आले ते मोल, त्याच्याच सांगण्यानुसार, एका जुन्या होंडा सिव्हिक मोटारीइतके. ज्या विनोदात कोणाचे पैसे बुडू शकतात तो विनोद मी या परंपरेच्या दफ्तरात, झाला तर, परिशिष्टात दाखल करीन.

किटलीची हकिकत मुद्दाम मागे ठेवली. वेबचा जो मूळ संकेतनियम 'एचटीटीपी', तो वाटेल त्या कामास जुंपण्याची नव्वदीच्या दशकात साथच आली होती. लॅरी मासिंटर याने १ एप्रिल १९९८ रोजी, २३२४ क्रमांकाच्या विनंतीत, कॉफीचे भांडे दुरून चालविण्याचा संपूर्ण संकेतनियम सादर केला. त्यात कॉफी उकळण्याची आज्ञा आहे, दूध ओतणे थांबविण्याची आहे, आणि कॉफी करण्यास सांगितलेले भांडे वस्तुतः चहाची किटली असल्यास तिने ४१८ हा क्रमांक परत धाडून 'मी किटली आहे' असे कळवावे, अशी तजवीज आहे. (खुद्द चहाची दखल घेणारी पुरवणी निघण्यास सोळा वर्षे लागली, पुणेकराने यावर काय म्हणावे!) पाहता पाहता हा क्रमांक गुरुगंभीर संगणकप्रणालींत जाऊन बसला. २०१७ साली एचटीटीपीची देखरेख करणाऱ्या मंडळाचे मार्क नॉटिंगहॅम यांनी अर्ज केला की, क्रमांक मोजकेच आहेत, उद्या खऱ्या कामास लागतील, सबब हा काढून टाकावा. त्यावर प्रोग्रॅमरांनी एवढा गिल्ला केला की, अखेर नॉटिंगहॅम यांनीच तो राखून ठेवण्याचा मसुदा लिहिला. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९११० क्रमांकाच्या अधिकृत नियमावलीत, हा क्रमांक थट्टेखातर इतक्या ठिकाणी वापरला गेला आहे की आता दुसऱ्या कोणत्याही कामास तो निरुपयोगी आहे, असे कारण नोंदवून त्यापुढे शेरा मारला आहे: राखीव.