अपंगत्व लाभ (राज्य कामगार विमा योजना)

कामावर इजा होऊन कमाई थांबलेल्या वा घटलेल्या विमाधारक कामगाराला मिळणारी रोख मदत. 1948 च्या कायद्याने आखलेली ही योजना 1952 मध्ये कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. 1954 मध्ये ती नागपूर व मुंबईत आली. 2019 पासून कामगार वेतनाच्या 0.75 टक्के, तर मालक 3.25 टक्के वर्गणी भरतो.

आजारपणाच्या लाभासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी लागते; अपघाताला ती अट नाही, नोकरीच्या पहिल्याच दिवसापासून संरक्षण मिळते. तात्पुरत्या अपंगत्वात बरे होईपर्यंत सरासरी वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. कायमच्या अपंगत्वात कमाईची क्षमता किती घटली हे वैद्यकीय मंडळ ठरवते. कायद्याच्या परिशिष्टानुसार अंगठा गमावल्यास ही घट 30 टक्के धरतात. म्हणजे पूर्ण दराच्या 30 टक्के रक्कम दरमहा, आयुष्यभर. प्रेसमशीनवर बोटे जाणाऱ्या कामगाराला हे गणित कोरडे वाटेल, पण नोकरी टिकली तरी ही रक्कम थांबत नाही.

2010 च्या दुरुस्तीने घर ते कारखाना प्रवासातील अपघातही यात आले. मोठी उणीव कंत्राटी कामगारांची: नोंदणीच टाळली गेली, तर हक्क सिद्ध करताना दमछाक होते.