सिहोरा आणि सीमेपलीकडची मराठी

सिहोरा : भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचे गाव. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये भंडाऱ्यासह आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचवले होते. संयुक्त महाराष्ट्रात जावे की नाही, यावर विदर्भातच तट पडले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. शेजारचे बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले, आणि हिंदीसोबत मराठीही राजभाषा असलेले जुने राज्य तिथल्या मराठी कुटुंबांपुरते संपले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे सांगणारे घटनेतील कलम ३५०-अ त्याच वर्षीचे. सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलल्या जाणाऱ्या पोवारीलाही त्याचा आधार मिळायला हवा; जनगणना मात्र तिला हिंदीतच मोजते. – संपा.