खडकीच्या दफनभूमीतील दोन मिनिटे

घोडेगावहून आपण पुण्याला जातो ते मुलांच्या प्रवेशासाठी, दवाखान्यासाठी, नाही तर लग्नाच्या खरेदीसाठी. मी मात्र एका नोव्हेंबरात, एका माजी सैनिक स्नेह्याच्या आग्रहावरून, खडकीच्या युद्ध दफनभूमीत गेलो होतो.

पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. त्याच्या स्मरणार्थ नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तेथे मृत सैनिकांना मानवंदना देण्यात येते. लष्करी अधिकारी व पाहुणे तांबड्या फुलांची पुष्पचक्रे वाहतात, बिगूल वाजतो आणि दोन मिनिटे सारे स्तब्ध उभे राहतात.

दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक येथे विसावले आहेत. अधिकारी व शिपाई असा भेद कबरींत नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची, बहुतेक ब्रिटिशांची, नावेही तेथे कोरलेली आहेत. त्यांपैकी ६२९ जणांचे अवशेष १९६२ साली मुंबईच्या शिवडी कब्रस्तानातून येथे आणण्यात आले. मेल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी अस्थी हलविल्या, पण नाव हरवू दिले नाही! ही निष्ठा पाहून मन भरून आले, आणि लगेच एक प्रश्नही उभा राहिला. आपली माणसे कोठे आहेत?

त्यासाठी इराककडे पाहावे लागते. १९१४ साली तिकडे गेलेल्या फौजेचे नावच ‘पुणे डिव्हिजन’ होते. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी तीत होत्या, आणि मराठा पलटणींत त्या काळी दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. कूत या गावी तुर्कांनी त्यांना डिसेंबर १९१५ पासून वेढले. घोडे व खेचरे कापून खाण्याची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोक शरण गेले. त्यांतील कित्येक कैदेत, उपासमारीत, रेल्वेच्या कामावर मेले.

बसऱ्याच्या स्मारकावर या आघाडीवरील अधिकाऱ्यांची नावे आहेत. हिंदी शिपायांची नाहीत! पलटणीचे नाव, आणि पुढे ‘इतके इतर हिंदी सैनिक’ असा आकडा. फ्रान्समधील नव्ह शापेलच्या स्मारकावर मात्र ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे एकेक करून कोरली आहेत. म्हणजे नावे कोरता येत नव्हती असे नव्हे. युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली ही विषमता मान्य करून माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना!

आपल्या कब्रस्तानात कच्च्या कबरी असतात, नावाचा दगड सहसा नसतो, त्याचे आपणांस काही वाटत नाही. पण आपण होऊन नाव न कोरणे वेगळे आणि दुसऱ्याने आपला आकडा करणे वेगळे.

वाचकहो, आजोबा-पणजोबांची पेटी घरात असेल तर एकदा उघडा. त्या युद्धाचे चांदीचे पदक मिळाले, तर भिंगाने त्याची कड पाहा. तेथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. अशी पदके चांदीच्या भावाने सोनाराकडे गेली आहेत. आपले तेवढे जाऊ देऊ नका. कडेवरचे नाव आधी वहीत उतरवून घ्या.