टायमिंगची खूण

मराठीतील उद्योगचरित्रांचा एक ठरलेला साचा आहे. नायक आडगावी जन्मतो, घरच्या व्यवसायात त्याचे मन रमत नाही, तो ठेच खातो, सावरतो, आणि अखेरीस कारखान्याचे धुराडे उभे राहते. चरित्र तेथे संपते. कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेल्या यंत्राचे पुढे काय झाले, ते कोणी आणि कशाच्या बळावर चालते ठेवले, हे सांगण्याची जबाबदारी कोणाकडेच नसते. सोलापूर आणि मोटारगाडी यांच्या संबंधाचा विचार करू लागलो तेव्हा ही उणीव आम्हाला प्रथम जाणवली. कारण या संबंधाचे एक टोक चरित्रग्रंथांत आहे आणि दुसरे घराघरांच्या अंगणात.

चरित्रातले टोक परिचित आहे. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. घरचा व्यवसाय सावकारीचा आणि कापसाचा. त्यात न रमलेल्या वालचंदांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले आणि तेथून त्यांच्या उद्योगांची मालिका सुरू झाली. १९१९ साली सिंदिया कंपनीचे जहाज, १९४० साली बंगळूरचा विमान कारखाना, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. मराठी मध्यमवर्ग मात्र ज्या गाडीला नुसते ‘फियाट’ म्हणून ओळखतो, ती अकराशे सीसीची गाडी १९५४ मध्ये आली. वालचंद त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १९५३ मध्ये, निवर्तले होते. चरित्राचा नायक जेथे निरोप घेतो, तेथे या गाडीची गोष्ट सुरू होते.

ही गोष्ट मुख्यतः दुरुस्तीची आहे आणि त्याचे कारण धोरणात सापडते. देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी नुसती जोडणी करत राहू नये, असे सरकारने १९५३ साली ठरवले. १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये ते काम बंद केले. उरलेल्या मोजक्या कारखान्यांतून मोजक्याच गाड्या निघत आणि नावनोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा काळात गाडी जुनी झाली म्हणून बदलण्याचा प्रश्नच नव्हता. ती दुरुस्तच करायची असे. हीच फियाट १९७४ नंतर प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि शतक संपेपर्यंत तयार होत राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. एका मूळ आराखड्याला इतके आयुष्य लाभले, त्याचे श्रेय कारखान्याइतकेच पाना हाती धरणाऱ्यांनाही द्यावे लागेल.

ही दुरुस्ती म्हणजे नेमके काय, हे थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे. चारफेरी इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. झडपा केव्हा उघडायच्या आणि केव्हा मिटायच्या, हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. या दोन दांड्यांना बांधून ठेवणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. ती वापराने सैल पडते, खडखडते, आणि गाडीचा दम जातो. साखळीच्या झाकणात क्रँकशाफ्टभोवती रबराचे ऑइल सील असते. उष्णतेने रबर कडक होते, त्याची ओठासारखी कडा दांड्याला नीट टेकेनाशी होते आणि तेल गळू लागते. आज मोटारी सोडून इतरत्रही वापरात असलेले ‘टायमिंग’, ‘टॉप’, ‘ऑइल मारणे’ हे शब्द मराठीत शब्दकोशांतून आलेले नाहीत. ते गॅरेजांतून आले आहेत.

सोलापुरातील आमच्या एका आप्तांच्या अंगणात हे काम आम्ही पाहिले आणि त्यात हातभारही लावला. शहाबादी फरशीवर रोज सकाळी तेलाचे थेंब दिसत. ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांची मराठी सोलापूरची, म्हणजे कानडी-तेलुगूच्या शेजारात वाढलेली. रेडिएटर, पुली, झाकण असे एकेक उतरले. पहिला पिस्टन टॉपला आणून त्यांनी दोन्ही दातेरी चाकांवरच्या ठिपक्यांसारख्या खुणा समोरासमोर आणल्या, मगच जुनी साखळी काढली. गाडीचे इंग्रजी पुस्तक त्यांनी उघडलेही नाही. कारखान्याने दुरुस्ती करणाऱ्यासाठी लोखंडावरच लिहून ठेवलेला मजकूर म्हणजे त्या दोन खुणा, आणि तो वाचायला त्यांना पुस्तक लागत नव्हते.

नवे सील बसवण्याचे काम आम्ही हौसेने मागून घेतले आणि हातोडीने ठोकताना ते किंचित तिरके बसवले. मिस्त्री तेव्हा साखळी धुण्यात गुंतले होते. चार दिवसांत फरशीवर पुन्हा थेंब दिसले आणि सगळे काम नव्याने उतरवावे लागले. दुसऱ्या वेळी त्यांनी सीलच्या मापाचा नळीचा तुकडा आणला, सीलच्या कडेला तेल लावले, तुकडा त्यावर टेकवून हळूहळू चारी बाजूंनी सारखा दाब दिला आणि एवढेच म्हणाले, “घाई नाही करायची. रबर आहे ते.” झाकण लावण्यापूर्वी त्यांनी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले, खुणा पुन्हा जुळल्याची खात्री केली, आणि त्यानंतरच किल्लीला हात लावू दिला.

हा नळीचा तुकडा कोणत्या ग्रंथात नोंदला जाणार? मराठीत श्रमाविषयीचे लेखन भरपूर आहे. गिरणी, संप, शेत, झोपडपट्टी यांचे साहित्य आपण शिकतो आणि शिकवतो. त्यात श्रमिकाचे दुःख येते, त्याचा रोषही येतो. त्याचे ज्ञान मात्र क्वचितच येते. हातातले काम तो कसे विचारात घेतो, चूक कशी ओळखतो, शिकाऊ माणसाला किती शब्दांत सांगतो, याचे गद्य आपल्याकडे फार थोडे आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून सोलापूर कामगारांचे शहर आहे. त्या शहराविषयी बोलताना तरी ही त्रुटी सलायला हवी.

इतिहासाने सोलापूरशी आणखी एक गाठ मारली आहे. १९९२ साली या शहरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी स्थापन झाली. ओतीव लोखंडाचा कॅमशाफ्ट घडवताना त्याच्या उंचवट्यांपाशी साच्यात धातूचे तुकडे बसवतात. तेथे वितळलेला रस झटकन गार होऊन पृष्ठभाग अतिशय कठीण बनतो, तर आतला गाभा तुलनेने मऊ राहतो. इथले कॅमशाफ्ट देशोदेशींच्या मोटार कंपन्यांकडे गेले; १९५४ साली मुंबईतली जोडणी थांबवणारी जनरल मोटर्सही त्यांची ग्राहक झाली. मोटार घडवण्यासाठी वालचंदांना सोलापूर सोडून मुंबई गाठावी लागली होती. जगभरच्या मोटारींचे टायमिंग ठरवणारा दांडा पुढे त्यांच्याच जन्मगावी ओतला जाऊ लागला.

विजेच्या मोटारीला मात्र कॅमशाफ्ट नसतो. त्यामुळे टायमिंग चेन नाही आणि जुळवायच्या खुणाही नाहीत. ही मोटार जसजशी वाढेल, तसतसे अंगणातले ते ज्ञान निरुपयोगी होत जाईल. त्याबद्दल हळहळ व्यक्त करावी असे आम्हाला वाटत नाही. धूर कमी होणार असेल तर ते इष्टच आहे. कारखान्याचे दप्तर कोठे ना कोठे जपले जाईल. मिस्त्रींचे दप्तर त्यांच्या हातात आहे आणि त्यांचे हात आता थकले आहेत. आपल्या विद्यार्थ्यांना एखादी कादंबरी कमी नेमून, वही घेऊन अशा एखाद्या अंगणात पाठवता आले, तर ते मराठीच्या अभ्यासक्रमात बसेल काय? बसायला हवे, असे आमचे मत आहे.