इंजिन कोणी खोलायचं?

गेल्या आठवड्यात वाडीतला एक कॉलेजचा पोरगा गाडी ढकलत दारात आला. "काका, इंजिन काम निघाला. मेस्त्री सामान आणि मजुरी धरून बरेच सांगता. मोबाईलवर व्हिडिओ बघून मियाच खोललय तर?"

मी त्याला लगेच हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. कारण हा प्रश्न आमच्या किनाऱ्यावर पहिल्या मोटारसायकली आल्या तेव्हापासूनचा आहे, आणि त्याचं उत्तर दर वीस-पंचवीस वर्षांनी बदलत आलंय. पोस्ट थोडी मोठी झालीय, पण सवडीने वाचा.

साठ-सत्तरच्या दशकात आपल्या देशात मोटारसायकल म्हटलं की तीनच नावं. मद्रासला १९५५ पासून येऊ लागलेली बुलेट, म्हैसूरची जावा (हीच १९७३ पासून येझदी झाली) आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. परमिटराजचे दिवस. गाडी मिळणं मुश्कील, सुटे भाग मिळणं त्याहून मुश्कील. सिंधुदुर्ग जिल्हाच मुळी १ मे १९८१ ला झाला. त्याआधी आपण रत्नागिरीचं शेपूट. कंपनीचं सर्व्हिस सेंटर ही गोष्ट आम्ही ऐकूनच होतो. गाडी बंद पडली की मालकानेच पाना हातात घ्यायचा. त्यात हौस कमी आणि गरज जास्त.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे ती इंजिनं हाताला यायची. जावा-येझदी, राजदूत या टू-स्ट्रोक. त्यांना व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, टायमिंग चेन नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. ते ऑइल जळून पिस्टनच्या डोक्यावर आणि सायलेन्सरमध्ये काजळी धरायची, गाडी ओढायची बंद व्हायची. मग रविवारी अंगणात गोणपाट पसरून हेड काढायचं, काजळी खरवडायची, प्लग पॉलिश पेपरने घासायचा, पॉइंटमधली फट बघायची. माझे वडील प्राथमिक शिक्षक. त्यांची सेकंडहँड येझदी होती, किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली. एवढं काम ते स्वतः करायचे. पण बोअर-पिस्टनला त्यांनी कधी हात लावला नाही. ते काम नाक्यावरच्या मेस्त्रींचं. मेस्त्री मूळचे बंदरावरचे, ट्रॉलरच्या डिझेल इंजिनांवर हात बसलेले.

ही मर्यादा मी ओलांडली. वय एकोणीस, वडील बाहेरगावी. हेड काढलं, मग बोअरही उचलला, रिंगा बदलल्या आणि सगळं परत बसवलं. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगेच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगेची दोन्ही टोकं त्या पिनेजवळच यावी लागतात. माझी आली नाहीत. गाडी सुरू झाली, कट्ट्यापर्यंत गेली आणि तिथेच जाम झाली. रिंग मोडून बोअरला चरे पडले होते.

मेस्त्रींनी बोअरमध्ये बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "खोलूक कोणाकय येता रे. बसवूक येवक व्हया."

मग बोअर एसटीच्या पार्सलने घाट चढून कोल्हापूरला गेला, तिथे लेथवर मोठा करून आला, त्याला ओव्हरसाइज पिस्टन पडला. वाचवायला गेलो ती मजुरी तर गेलीच, वर दुप्पट खर्च, आणि वडील आठ दिवस शाळेला चालत. त्या आठ दिवसांत मी मेस्त्रींकडे रोज जाऊन बसलो. आपण मेस्त्रीला त्याच्या दोन तासांचे पैसे देतो असं मला वाटायचं. ते चूक होतं. ती पिन कुठे असते, हे ज्याला न बघता बोटाला कळतं, त्या बोटाचे पैसे आपण देतो.

दरम्यान गाड्याच बदलल्या. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. शंभर सीसी, फोर-स्ट्रोक, ऑइल वेगळं. तिची जाहिरातच अशी की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. लोक खरंच विसरले. काजळी काढायचे रविवार संपले. त्याच वर्षी आलेल्या आरएक्स १०० च्या वेड्यांनी टू-स्ट्रोक आणखी काही वर्षं जिवंत ठेवली, पण ती हौस झाली. मालकाने पाना ठेवून दिला आणि इंजिन पूर्णपणे मेस्त्रीच्या हातात गेलं. तोवर नाक्यानाक्यावर गॅरेज झाली होती, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

तिसरा बदल १ एप्रिल २०२० चा. बीएस-६ चे नियम लागू झाले. बहुतेक नव्या गाड्यांतला कार्बोरेटर गेला. फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आणि हे सगळं चालवणारा छोटा कॉम्प्युटर आला. धूर कमी झाला, हे चांगलंच झालं. पण आता मीटरवर इंजिनाचा दिवा पेटला की तो का पेटला हे सांगायला स्कॅनर लागतो. मालक आधीच बाहेर होता. आता नाक्यावरचा मेस्त्रीही दाराबाहेर उभा राहिला.

याचा अर्थ काय होतो, ते मला १६ मे २०२१ ला कळलं. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. माड पडले, खांब पडले, कित्येक दिवस वीज नाही, त्यात कोरोनाचे निर्बंध. आमच्या अंगणात पाणी शिरून दोन गाड्या बुडाल्या, एक जुनी कार्बोरेटरवाली आणि एक नवी. मेस्त्री चालत आले. जुनीचा प्लग काढून किक मारत आतलं पाणी बाहेर काढलं, दुधाच्या चहासारखं झालेलं ऑइल सोडून दिलं, नवं घालून तेही एकदा बदललं. संध्याकाळी त्या गाडीवरून शेजारच्या आजींची औषधं आली. नव्या गाडीसमोर मेस्त्री नुसते उभे राहिले. "हिचा माका काय दिसणा नाय," म्हणाले. ती पुढे तीन आठवडे झाकून होती.

मेस्त्रींचं डोकं त्या दिवशी कमी पडलं नव्हतं. कमी पडली ती माहिती आणि यंत्र, आणि ते कोणाला द्यायचं हे कंपन्या ठरवतात. हा माझा एकट्याचा राग नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटारकार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड लावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुली न ठेवल्याबद्दल. कंपन्या अपिलात गेल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्येच गाड्यांच्या दुरुस्तीचा हक्क मतपेटीतून मिळवला. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनं आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

म्हणून स्वतः करायचं की मेस्त्रीला द्यायचं, हे भांडण मला आता खोटं वाटतं. ऑइल, प्लग, एअर फिल्टर, चेन, केबल हे स्वतः करा. खाऱ्या वाऱ्यात गाडी ठेवणाऱ्याला तर ते यायलाच हवं. बोअर-पिस्टन, क्रँक, टायमिंग मेस्त्रीला द्या, आणि घासाघीस न करता मजुरी द्या. पण दोघांनी मिळून मागायची गोष्ट वेगळी आहे. सर्व्हिस मॅन्युअल आणि स्कॅनर नाक्यावरच्या गॅरेजला रास्त दरात मिळालेच पाहिजेत. आपल्या आमदार-खासदारांना रस्त्याबरोबर हेही विचारा. चार-पाच गॅरेजवाल्यांनी वर्गणी काढून तालुक्याला एक स्कॅनर घेतला तर सुरुवात आजही होईल.

त्या पोराला मी सांगितलं, गाडी मेस्त्रींकडेच टाक, पण इंजिन खोलतील त्या दिवशी कॉलेज बुडव आणि बाजूला बस. तो बसला. काल येऊन सांगत होता, रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवायची नसतात म्हणे.

मेस्त्री आता सत्तरीला आलेत. त्यांच्या गॅरेजमध्ये हाताखाली कोणी पोरगा नाही. तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, खाली लिहा.