खडकवासल्याचा दगडी बांध

१२ जुलै १९६१ रोजी पुण्यावर जो महापूर कोसळला, त्यास सर्वत्र ‘पानशेतचा पूर’ असे म्हणतात. आमच्या सौंसरच्या शाळेतही तो प्रसंग त्याच नावाने सांगितला जातो. एकदा फळ्यावर नद्यांचा नकाशा काढून तो समजावून देत असता एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, पानशेत आणि पुणे ह्यांच्या मधोमध हे दुसरे धरण दिसते, ते त्या वेळी काय करीत होते?” प्रश्न सरळ होता, परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देणे मला साधले नाही. ते धरण खडकवासल्याचे. त्याचा इतिहास पुराहून ब्याऐंशी वर्षांनी जुना आहे, आणि तो ध्यानी घेतल्यावाचून त्या दिवसाचा अर्थ पुरता उलगडत नाही.

पेशवाईत पुण्यास पाणी आले ते कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास तेथे तलाव बांधून भूमिगत नळाने ते शनिवारवाड्यापर्यंत आणले. पुढे इंग्रजी अमदानीत शहराची वस्ती वाढली, शेजारी लष्करी छावण्या वसल्या आणि पूर्वेकडील कोरड्या मुलखात वारंवार अवर्षण पडू लागले. तेव्हा कर्नल फाइफ ह्या लष्करी अभियंत्याने पाहणी करून मुठा नदीवर खडकवासल्याची जागा सुचविली. बांधकाम १८६९ च्या सुमारास सुरू झाले व १८७९ मध्ये पुरे झाले. सुमारे एक मैल लांबीची, शंभर फुटांच्या घरात उंचीची ही भिंत सर्वस्वी दगड-चुन्याची होती. इतके मोठे दगडी धरण त्या काळी आपल्या देशात नवीनच होते. मागे साठलेल्या जलाशयास ‘फाइफ तलाव’ असे नाव पडले. उजवा कालवा पाटसच्या दिशेने दूरवर गेला. त्याच्या अखेरीस असलेल्या माटोबा तलावाचे काम १८७६–७७ च्या दुष्काळात पोटासाठी आलेल्या मजुरांनी सुरू केले. तलावाला साहेबाचे नाव लाभले. ज्या हातांनी माती वाहिली त्यांची नावे कोठेच उरली नाहीत.

मराठी वाचकाला ह्या पाण्याशी जोडणारा एक थोर पुरुष म्हणजे जोतीराव फुले. ठेकेदार ह्या नात्याने ह्या भागातील सरकारी बांधकामांशी त्यांचा संबंध आला. कालव्याचे पाणी वाहू लागले तरी शेतकरी ते घेण्यास धजत नव्हता. तेव्हा जोतीरावांनी मांजरीस जमीन घेऊन त्याच पाण्यावर बागाईत करून दाखविली. ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात त्यांनी ताली, बंधारे व तळी ह्यांचा जो आग्रह धरला, त्यामागे हा प्रत्यक्ष अनुभव होता. धरण बांधले म्हणजे पाणी शेतात पोचले असे नव्हे, ही गोष्ट त्यांनी स्वतः पाहिली होती.

तथापि ह्या भिंतीबद्दल निर्धास्तपणा आरंभापासूनच नव्हता. ती पुरी होते न होते तोच तिच्या पाठीशी मातीचा जाड भराव घालून तिला आधार देण्यात आला. धरणाच्या पायात व सांध्यांत शिरणारे पाणी भिंतीला खालून वर उचलू पाहते, हे तत्त्व तेव्हाच्या हिशेबात नव्हते. १८९५ मध्ये फ्रान्समधील बूझे येथील धरण फुटले, त्यानंतर त्याकडे जगाचे लक्ष वेधले. खडकवासल्याची भिंत त्याआधीची. तिच्या कर्त्यांना त्याबद्दल दोष देणे न्यायाचे होणार नाही.

१९०३ मध्ये येथे दुसरा महत्त्वाचा प्रयोग झाला. दर पावसाळ्यात सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाहून जाई. भिंत न वाढविता ते अडविण्यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनी सांडव्यावर आपोआप उघडमीट करणारे दरवाजे बसविले. साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. ही युक्ती पुढे आमच्या मध्यप्रदेशात, ग्वाल्हेरजवळील तिघरा धरणावरही योजण्यात आली. युक्ती निःसंशय उत्तम होती. परंतु तिचा दुसरा अर्थही ध्यानी घेतला पाहिजे. जो भार पूर्वी भिंतीवर पुराच्या थोड्या दिवसांपुरता येई, तो आता तिला अधिक काळ वाहावा लागला. तिघऱ्याचे दगडी धरण तर १९१७ मध्येच पुराने फोडले, व ते पुन्हा बांधावे लागले. दगड म्हणजे अक्षय, ही समजूत किती फसवी आहे हे ह्यावरून दिसते.

खडकवासल्याचा बांध मात्र उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी जलशास्त्राची सरकारी संशोधनशाळा आली. १९५५ पासून त्याच्या तीरावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी नांदू लागली. पुढे वरच्या अंगास आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण होऊ लागले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असतानाच १९६१ च्या पावसाळ्यात तलाव भरू दिला गेला. मोरीवरील भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून शर्थ केली. सकाळी धरण फुटले. तो सारा लोंढा फाइफ तलावात आला. पाणी जुन्या भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागले आणि काही तासांनी तीही फुटली. चौकशी प्रथम न्यायमूर्ती बावडेकर व त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईक ह्यांच्याकडे आली. कालांतराने दोन्ही धरणे पुन्हा उभी राहिली. आजही पुण्याचे पाणी ह्याच वाटेने येते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. जुने धरण त्या दिवशी काय करीत होते? जो भार त्याच्या कर्त्यांनी कल्पिलाही नव्हता, तो डोक्यावरून वाहत असता ते काही तास उभे होते. त्या अवधीत नदीकाठच्या कित्येकांना अंगावरच्या वस्त्रांनिशी का होईना, घर सोडता आले. आपण लोकांच्या तोंडी राहिलेले एक नाव घेतो आणि दुसरे गाळतो. पहिल्या नावात घाईची हकीकत आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. पण गाळलेल्या नावात दोन पिढ्यांहून अधिक काळ मुकाट्याने केलेल्या चाकरीची हकीकत आहे.

पुढच्या वर्षीपासून मी मुलांना त्या पुराची गोष्ट सांगताना आधी खडकवासल्याचा बांध फळ्यावर काढीन, आणि पानशेत मागून.